रानडुकराला कायदा कळत नाही, हिशेब कळतो

"हे जनावर संरक्षित आहे" हे वाक्य शेतकऱ्याच्या कानावर पडतं ते बहुतेकदा नुकसान झाल्यावर. मका आडवा पडलेला असतो, भुईमूग उकरलेला असतो आणि कुणीतरी सांगत असतं की जनावराला हात लावलात तर गुन्हा दाखल होईल. ऐकणारा त्यातून एवढाच अर्थ घेतो की आता हातावर हात धरून बसायचं. प्रत्यक्षात बहुतेक देशांतले कायदे जनावराला मारायला, पकडायला, विष घालायला आणि घरटी-अंडी नष्ट करायला बंदी घालतात. त्याला आपल्या शेतात येऊ न देण्याची मुभा मात्र शेतकऱ्याकडेच राहते. या मुभेत नेमकं काय काय बसतं आणि त्यातलं काय खरोखर चालतं, हे समजून घ्यायला हवं. कारण या विषयात वर्षानुवर्षं खूप कष्ट आणि खूप पैसा चुकीच्या जागी गेला आहे.

आधी कायदा, थोडक्यात. सगळ्या जनावरांना संरक्षण सारखं नसतं. भारतात १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा प्राण्यांना अनुसूचींमध्ये, म्हणजे याद्यांमध्ये, विभागतो. २०२२च्या दुरुस्तीनंतर सहा अनुसूचींच्या चार झाल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून ही नवी रचना लागू आहे. हत्ती, मोर, काळवीट पहिल्या अनुसूचीत येतात. रानडुक्कर आणि रोही म्हणजे नीलगाय दुसऱ्या अनुसूचीत. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याने पीक खाल्लं, एवढ्या कारणावर त्याला मारायची परवानगी मिळत नाही. तो माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलेला असावा लागतो, किंवा बरा होण्यापलीकडे जखमी वा आजारी. दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्यांबाबत मात्र मालमत्तेचं नुकसान हेही कारण चालतं, आणि त्या मालमत्तेत उभं पीक धरलं जाईल असं कायद्यातच लिहिलेलं आहे. ही परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी लेखी देतो, कारणं नमूद करून. दुसऱ्या अनुसूचीतल्या एखाद्या प्राण्याला ठरावीक भागापुरतं आणि ठरावीक काळापुरतं उपद्रवी जाहीर करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. २०१५च्या अखेरीस बिहारमधल्या काही जिल्ह्यांत नीलगाय आणि रानडुकरांबाबत तसं झालं होतं.

एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. या कायद्यात शिकार म्हणजे फक्त बंदूक चालवणं नव्हे. फास लावणं, सापळा रचणं, विष ठेवणं हेही शिकारच, आणि त्याचा नुसता प्रयत्नसुद्धा. फासात काहीच अडकलं नाही तरी फास लावणारा गुन्हेगार ठरू शकतो.

बाहेरच्या जगात तपशील बदलतात, पण सांगाडा तोच दिसतो. युरोपीय संघाचा १९७९पासूनचा पक्षी निर्देश, म्हणजे पक्ष्यांच्या संरक्षणाचा नियम, पिकाचं गंभीर नुकसान टाळण्यासाठी अपवाद करू देतो, पण अट अशी की दुसरा समाधानकारक मार्ग उरलेला नसावा. अमेरिकेत १९१८च्या स्थलांतरित पक्षी कायद्याखाली शेतातले पक्षी नुसते हुसकावायला परवाना लागत नाही, गरुड आणि संकटग्रस्त जाती सोडून. मारायला मात्र परवाना लागतो, आणि तो मागताना आधी दुसरे कोणते उपाय केले ते सांगावं लागतं. म्हणजे ज्याला शेवटी परवानगीच मागायची आहे, त्यालाही कुंपण, राखण, हुसकावणं या पायऱ्या चुकत नाहीत.

आता जनावराच्या बाजूने पाहू. शेतात येणं हा त्याच्यासाठी नफ्या-तोट्याचा व्यवहार असतो. पिकं माणसाने हजारो वर्षं निवडून निवडून अशी घडवली की त्यांत पोषण जास्त, चोथा कमी, कडवट आणि विषारी द्रव्यं कमी, आणि सगळं एका जागी दाटीने उभं. रानातल्या गवत-पाल्यावर दिवसभर चरून जेवढं मिळतं, त्याच्याशी तुलना करता येईल एवढं पिकात थोड्या वेळात मिळतं. ही झाली जमेची बाजू. खर्चाच्या बाजूला माणसाची, कुत्र्याची भीती, उघड्यावर येण्याचा धोका, अडथळा ओलांडायचे कष्ट. हत्तींमध्ये पिकात घुसणारे बहुतेक वयात आलेले नर असतात. मोठं शरीर आणि तगडी अंगकाठी मिळवण्यासाठी ते जास्त जोखीम घेतात, पिल्लं सोबत असलेल्या माद्या तेवढी घेत नाहीत. चांदण्या रात्रीपेक्षा अंधाऱ्या रात्री धाडी जास्त पडतात. युगांडातल्या किबाले राष्ट्रीय उद्यानाभोवतीच्या अभ्यासात पिकांचं बहुतेक नुकसान जंगलाच्या काठापासून पहिल्या पाचशे मीटरांत आढळलं. अडचण आली तर परत पळायला अंतर कमी हवं, एवढं साधं त्यामागचं कारण आहे.

प्रत्येक उपायाला म्हणून एकच प्रश्न विचारायचा: याने जनावराचा खर्च खरंच वाढतो, की वाढल्याचा देखावा होतो? देखावा असेल तर तो उघडा पडतो. कधी दोन दिवसांत, कधी दोन आठवड्यांत.

बुजगावण्याचं तेच होतं. पहिल्या दिवशी पक्षी लांब राहतात, मग जवळ येतात, आणि नंतर त्याच्याच हातावर बसून कणसाकडे बघतात. आवाजाच्या गॅस तोफा, चमकत्या फिती, रेकॉर्ड केलेल्या वाघाच्या डरकाळ्या, केसांचे पुंजके, उग्र वासाची औषधं, सगळ्यांची हीच गत. नवी गोष्ट म्हणून जनावर थबकतं. तिच्यामागून इजा होत नाही हे कळलं की ती शेतातल्या दगडाइतकी निरुपद्रवी ठरते. अल्ट्रासोनिक यंत्रांची जाहिरात पाहून हुरळणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की माणसाला ऐकू न येणारा तो उंच पट्टीचा आवाज पक्ष्यांनाही ऐकू येत नाही. पक्षी पळवण्यासाठी ते यंत्र विकत घेणं म्हणजे निव्वळ दान आहे.

तरी हुसकावण्याची साधनं टाकाऊ नाहीत. त्यांची मुदत लहान आहे, हे मान्य करून ती वापरायची. पीक खायच्या योग्यतेला येतं तो काळ बहुधा दोन-तीन आठवड्यांचा असतो, जसं दाण्यात दूध भरताना किंवा पेरलेलं उगवून वर येताना. साधनं तेव्हाच काढायची, आणि जनावराला शेताची चव लागायच्या आधी. एकदा वाट पडली की तीच भीती दुप्पट लावूनही निम्मं काम होत नाही. जागा बदलायची, वेळ बदलायची, दोन वेगळी साधनं एकत्र लावायची. आणि अधूनमधून त्या आवाजापाठोपाठ खरा माणूस, खरा कुत्रा यायला हवा. खोट्या भीतीला मधूनमधून खऱ्याची जोड मिळाली तर ती जास्त दिवस टिकते.

माणसाची राखण हा जगातला सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत भरवशाचा उपाय. माळ्यावर बसलेला जागा माणूस कोणत्याही यंत्रापेक्षा हुशार असतो, तो ओरडतो, जागा बदलतो, शेजाऱ्याला हाक मारतो. माकडांच्या बाबतीत तर त्याला पर्यायच नाही म्हटलं तरी चालेल. पण त्याची किंमत नुकसानभरपाईच्या कुठल्याच कागदावर येत नाही. हंगामभर मोडलेली झोप, राखणीवर बसवल्यामुळे बुडालेली पोराची शाळा, रात्री उघड्यावर चावणारे डास आणि त्यांचे आजार, अंधारात हत्तीशी किंवा रानडुकराशी समोरासमोर गाठ. राखण फुकट असते असं बोलणाऱ्याने ती एक हंगाम करून पाहावी. पाळ्या लावून, चार-पाच शेतं मिळून केलेली राखण यातलं ओझं बरंच हलकं करते.

खऱ्या खर्चाचं एक उत्तम उदाहरण केनियातलं आहे. हत्ती मधमाश्यांना घाबरतात. कातडी जाड असली तरी डोळ्यांभोवती, कानांमागे आणि सोंडेच्या आत डंख बसतो. ल्युसी किंग या संशोधिकेने याचा उपयोग करून मधपेट्यांचं कुंपण उभं केलं. साधारण दहा-दहा मीटरवर पेट्या टांगायच्या, काही खऱ्या, काही नुसत्या दिखाऊ, आणि सगळ्या तारेने जोडायच्या. हत्तीने तार ढकलली की पेट्या हलतात आणि माश्या बाहेर पडतात. त्साव्हो ईस्ट राष्ट्रीय उद्यानाजवळच्या नऊ वर्षांच्या नोंदींत असं दिसलं की पिकाच्या ऐन हंगामात शेतांजवळ आलेल्या हत्तींपैकी ८० टक्क्यांहून जास्त परत वळले. शिवाय मध मिळाला, परागीभवन झालं. पण त्याच नोंदींत इशाराही आहे: दुष्काळात पोळी रिकामी पडली आणि कुंपणाचा दात बोथट झाला. आशियातली सातेरी मधमाशी आफ्रिकेतल्या मधमाशीइतकी आक्रमक नसते, त्यामुळे तिथलं यश जसंच्या तसं सगळीकडे उतरेल असं धरू नये.

मिरचीचा धूर, मिरची-तेल फासलेले दोर हेही हत्तींवर वापरले जातात. पावसाने धुऊन जातं, वारा फिरला की धूर दुसरीकडे जातो. पूरक म्हणून ठीक.

आता कुंपण, कारण शेवटी गाडी तिथेच येते. कुंपण बांधताना जनावर कसं चालतं हे आधी पाहायचं. रानडुक्कर सहसा वरून जात नाही, खालून उकरतं. त्याच्यासाठी जाळीचा खालचा भाग जमिनीत गाडावा लागतो, किंवा विजेच्या कुंपणाची पहिली तार त्याच्या नाकाच्या उंचीवर, जमिनीपासून वीतभर वर ठेवावी लागते. हरणं उडी मारतात. मोठ्या जातींसाठी आठ फूट उंची लागते, किंवा थोड्या अंतराने दोन बुटकी कुंपणं, कारण लांबी आणि उंची एकदम बेतून उडी मारायला ती कचरतात. हत्ती उडी मारू शकत नाही, म्हणून त्याच्यासाठी चर खणतात. मात्र मुसळधार पावसाच्या प्रदेशात चराच्या कडा ढासळतात, आणि उरलेलं काम हत्ती पायाने माती लोटून पुरं करतो. माकड सगळंच चढतं.

विजेच्या कुंपणाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत आणि ते जीवघेणे आहेत. सौर कुंपणाचं किंवा झटका मशीनचं योग्य यंत्र तारेत सलग वीज सोडत नाही. साधारण सेकंदाला एक झटका जातो, काही हजार व्होल्टचा, पण तो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो. एका झटक्यातली एकूण ऊर्जा एवढी कमी ठेवलेली असते की वेदना होते, स्नायू झटकतात, आणि दोन झटक्यांच्या मधल्या वेळात जनावर किंवा माणूस मागे सरकू शकतो. घरातल्या लाइनवरून थेट तार ओढली की गोष्ट पार बदलते. २३० व्होल्टचा प्रवाह थांबत नाही, स्नायू आखडतात, पकड सुटत नाही. अशा तारेने रानडुक्कर मरतं, तसंच पहाटे पाणी द्यायला आलेला शेजारी, गाय, स्वतःचं मूलही मरतं. वन्यजीव कायदा बाजूला ठेवला तरी हा मनुष्यवधाचा मामला आहे.

कुंपण कायदेशीर असूनही निकामी होण्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात. तारेला गवत टेकलं की झटका तिथून जमिनीत जातो. उन्हाळ्यात कोरड्या मातीत अर्थिंग नीट होत नाही, म्हणून यंत्र झटका सोडतं पण तो जाणवत नाही. बॅटरी उतरते आणि कुणी पाहत नाही. केनियात काही हत्ती सुळ्यांनी तार तोडायला शिकले, कारण सुळ्यांतून वीज फारशी वाहत नाही. काहींनी तारेवर झाडं पाडली. माझं स्पष्ट मत असं की विजेच्या कुंपणाच्या अनुदानात देखभालीचा पैसा आणि देखभालीचा माणूस धरलेला नसेल, तर ते अनुदान तिसऱ्या वर्षीच्या भंगारासाठीच दिलेलं असतं.

कुंपण कुठे घालायचं हा प्रश्न तर आणखी महत्त्वाचा. श्रीलंकेत हत्तींचा वावर असलेल्या प्रदेशापैकी जवळपास ७० टक्के भागात माणसंही राहतात. तिथे वर्षानुवर्षं वनखात्यांच्या हद्दींवर विजेची कुंपणं घातली गेली. हद्द नकाशावर होती, हत्ती मात्र तिच्या दोन्ही बाजूंना होते. मग हत्तींच्या अभ्यासकांनी गावकऱ्यांसोबत दुसरा मार्ग काढला. कुंपण जंगलाला न घालता गावाला आणि शेताला घालायचं, गावकऱ्यांनीच ते सांभाळायचं. भातशेतीभोवतीचं कुंपण तर फक्त हंगामापुरतं, कापणी झाली की काढून ठेवायचं, म्हणजे रिकाम्या शेतात हत्ती धसकटं खायला येऊ शकतात आणि त्यांची वाट बंद होत नाही. ज्याच्या दाराशी कुंपण असतं तो ते रोज पाहतो. जंगलात आठ किलोमीटर आत असलेल्या तारेकडे कोण बघणार?

आणि एक निव्वळ भूमिती. एक हेक्टरच्या चौरस शेताला ४०० मीटर कुंपण लागतं. शंभर हेक्टरच्या चौरस शिवाराला लागतं ४,००० मीटर, म्हणजे हेक्टरी फक्त ४० मीटर. एकट्याने घातलेल्या कुंपणाचा खर्च हेक्टरी दहापट. शिवाय एकट्याचं कुंपण जनावराला घालवत नाही, शेजाऱ्याकडे पाठवतं. गटाने कुंपण घालायचं म्हटलं की बांधाचे जुने वाद उकरले जातात, खर्च कुणी किती उचलायचा यावर बैठका मोडतात, हे खरं. तरीही पैशाच्या अंगाने बघितलं तर याच्याइतकी मोठी बचत दुसऱ्या कुठल्याही उपायात नाही.

काही ठिकाणी जनावरांची कमाई उलट दुसरीकडे वाढवली जाते. इस्रायलच्या हुला खोऱ्यात हिवाळ्यात ३० हजारांहून जास्त क्रौंच उतरतात. ते भुईमुगाच्या आणि इतर शेतांत पसरू नयेत म्हणून एका ठरलेल्या जागी त्यांना मका घातला जातो आणि बाकी शेतांतून हुसकावलं जातं. स्वीडनमध्ये हॉर्नबोर्गा सरोवराकाठी क्रौंचांसाठी बार्ली टाकतात. मेख अशी की फुकट जेवण मिळतंय म्हटल्यावर पुढे जाणारे पक्षीही तिथेच मुक्काम ठोकतात, ही तक्रार हुलात झालीच. हुसकावणं आणि खाऊ घालणं एकाच वेळी, जवळजवळ चाललं तरच याला अर्थ आहे. रानडुकरांसाठी असा दाणा टाकणं मला धोक्याचं वाटतं, कारण भरपूर खाद्य म्हणजे जास्त पिल्लं.

त्यावरून, मारायची सरसकट परवानगी मिळाली तर प्रश्न सुटेल का? जर्मनीत रानडुकराच्या शिकारीला मोकळीक आहे. २०१७-१८च्या हंगामात तिथे आठ लाखांहून जास्त रानडुकरं मारली गेली, तरी जनावर संपायचं नाव नाही. मादी वर्षाच्या आतही विऊ शकते, एका वेताला अनेक पिल्लं होतात, आणि मका भरपूर असतो. नेमक्या शेतात येणाऱ्या नेमक्या जनावराला, हंगामात, अधिकृत माणसाने मारलं तर त्या शेताला काही काळ उसंत मिळते. एवढीच अपेक्षा ठेवावी. विष आणि स्फोटकं भरलेली आमिषं तर कुणाला मारायचं ते निवडूच शकत नाहीत. २०२० साली केरळात स्फोटकं भरलेलं फळ खाऊन गाभण हत्तीण मेली. असली आमिषं सहसा रानडुकरांसाठी ठेवलेली असतात.

एवढं करूनही नुकसान होतंच, आणि मग भरपाई. तिचा त्रास जगभर सारखाच आहे: उशीर, कमी मूल्यमापन, पंचनाम्यासाठी खेटे. लहान नुकसान तर कुणी मांडतच नाही, कारण अर्जाचा खर्च मिळणाऱ्या रकमेच्या वर जातो. स्वीडनने १९९६पासून रेनडिअर पाळणाऱ्या सामी समाजासाठी वेगळी पद्धत ठेवली आहे. तिथे मेलेल्या जनावरांची मोजणी न करता त्या भागात हिंस्र प्राण्यांची वीण किती झाली यावर पैसे मिळतात. नुकसान सिद्ध करायची कटकट नाही, आणि कळपाची काळजी घेतली तर उरलेला फायदा पाळणाऱ्याचाच. पिकांसाठी असं काही करायला काय हरकत आहे, हे मला कळत नाही. भारतात पंतप्रधान पीक विमा योजनेत २०२६च्या खरिपापासून वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान जोड संरक्षण म्हणून धरायचं ठरलं आहे, राज्यांनी निवडलेल्या जिल्ह्यांत आणि पिकांना. त्यासाठी ७२ तासांच्या आत ॲपवर जागेच्या नोंदीसह फोटो टाकून कळवावं लागतं.

म्हणून फोटो त्याच सकाळी काढायचे, नांगर किंवा पाणी फिरायच्या आधी. पिकाचा, आत शिरलेल्या वाटेचा, आणि ठशांचा, शेजारी वीत किंवा काडेपेटी ठेवून, म्हणजे माप कळतं. मऊ मातीत रानडुकराच्या खुरामागे दोन छोट्या खुरांच्या खुणा रुंद उमटतात, हरणाच्या सहसा इतक्या पसरट नसतात. जमीन नांगरल्यासारखी उकरलेली असेल तर ते काम डुकराचं, शेंडे खुडलेले असतील तर हरण किंवा रोही. हे ओळखण्यात गफलत झाली की अर्ज चुकीच्या प्राण्याच्या नावाने जातो आणि कुंपणही चुकीच्या उंचीचं बांधलं जातं.